मणभर वजन आणि एक फेटा

दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसातले क्लार्क सर्जेराव यांनी दिवाळीच्या पाडव्याला सासुरवाडीला, म्हणजे शिरूरला, तिसऱ्या अनारशानंतर तोंड उघडलं नसतं तर त्यांची कंबर आज शाबूत असती. मेहुणे हौसराव तालमीत आलेल्या नव्या लोखंडी बारचं कौतुक सांगत होते. सर्जेराव म्हणाले, "त्यात काय! मणभर वजन तर मी रोज उचलतो."

(ते रोज उचलत ती पेन्सिल. पार्सलं हमाल उचलत.)

हौसरावांनी हे मनावर घेतलं. "मग दाजी, हनुमान जयंतीला वजन उचलायच्या शर्यतीचे पंच तुम्हीच. मानाचा फेटा बांधतो. पर आधी एकदा उचलून दावा. तालमीतली पोरं लई चौकश्या करत्यात."

बारा वर्षांत सासुरवाडीने सर्जेरावांना टॉवेल दिले, टोप्या दिल्या, एकदा कंदीलसुद्धा दिला. फेटा कधी नाही. धाकट्या साडूला दोन मिळाले होते, आणि तो नुसता कंपाउंडर होता! सर्जेरावांना हा फेटा हवाच होता.

दुसऱ्याच दिवशी क्वार्टरच्या अंगणात मेहनत सुरू झाली. बार कुठून आणणार? घरात पहार होती, जातं होतं. सर्जेरावांनी जात्याचा खुंटा काढला, दोन्ही तळ्या पहारीत ओवल्या आणि मधोमध सुतळीने आवळून टाकल्या. ऑफिसच्या काट्यावर सगळं आधीच तोलून झालं होतं. जवळजवळ मण भरत होतं. पहार दोन्ही टोकांना धरायची, दगड पोटाशी घ्यायचे आणि कुंथत उठायचं. चार महिन्यांत वजन छातीपर्यंत यायला लागलं. त्यांच्या पत्नी मालनबाई तेवढे दिवस दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभ्या राहून कावल्या होत्या.

हौसराव फाल्गुनात आले ते काखेत गुलाबी फेटा घेऊनच. अंगणातली पहार बघून ते थबकले.

"दाजी, दगडं मधी कशी? बारला वजन टोकाला असतंय. हात मधी."

"वजन तेवढंच ना?" सर्जेराव हसले. (हसण्यात चौदा वर्षांची नोकरी होती.) "हौसराव, आमच्या काट्यावर पेटी मधी ठेवा न्हाईतर कडेला ठेवा, आकडा तोच येतो. काटा खोटं बोलत न्हाई."

"काट्याला कंबर नसती," मालनबाई दारातून म्हणाल्या. "भरला हंडा एकदा कडेवर घेऊन या, आन् एकदा हात लांब करून घेऊन या. मंग सांगा आकडा."

सर्जेरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. बायकांना काट्यातलं काय कळतं! हौसरावांनी तळ्या दोन टोकांना सरकवल्या आणि विचारलं, "पाचर मारू का? निसटंल."

"काय गरज न्हाई."

बजरंगबलीचं नाव घेऊन सर्जेरावांनी पहार उचलली. ती गुडघ्यापर्यंत आली आणि दोन्ही टोकं आपापल्या मर्जीने वरखाली व्हायला लागली. त्यातून जात्याची खालची तळी वरच्या तळीपेक्षा जड. ती उजवीकडे होती, आणि सर्जेराव हळूहळू उजवीकडे कलायला लागले.

"दाजी, ठेवा खाली!"

"पेलतंय," सर्जेराव म्हणाले. हे त्यांचं त्या दिवशी उभ्याने बोललेलं शेवटचं वाक्य.

उजवी तळी सुळकन निसटली ती थेट रांजणावर. तिच्याबरोबर डावी बाजू धाडकन खाली गेली, पहारीचं रिकामं टोक उसळून वळचणीची तीन कौलं घेऊन आलं आणि सर्जेराव एक गिरकी घेऊन रांजणाच्या सांडलेल्या पाण्यात बसले. कमरेत कट्टकन आवाज झाला.

"उठता येतंय का?"

"न्हाई."

हौसरावांनी काखेतला फेटा सोडला, दाजींच्या कमरेला गरगर गुंडाळून घट्ट आवळला आणि त्यांना खाटेवर आडवं केलं. पंच म्हणून आता धाकट्या साडूला सांगावं लागेल, असंही जाता जाता म्हणाले.

सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढा मानाचा फेटा, आन् कमरेला!"

मालनबाई जात्याची खालची तळी जागेवर बसवत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"मंग काय झालं? डोक्याला लागलं असतं तर डोक्याला बांधला असता."