शिवलिंगकाकांच्या चार खिडक्या

शिवलिंगकाका आपल्या टेबलावर सुतळी ताणून चार चौकोन, म्हणजे त्यांच्या भाषेत खिडक्या, पाडायचे, आणि चारहींत कागद मांडल्याशिवाय हा माणूस कामाला हात लावत नसे. सोलापुरातल्या आमच्या छापखान्यात ते प्रुफं तपासायचे, मी छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचो. पहिल्या खिडकीत लग्नपत्रिका, दुसरीत साखर कारखान्याचं पत्रक, तिसरीत प्रश्नपत्रिका. एक ओळ इथली, एक तिथली. "एकच कागद वाचला की डोळा पेंगतो," म्हणायचे, "चार वाचले की जागा ऱ्हातो की!"

चौथ्या खिडकीच्या मधोमध आणखी एक सुतळी होती, आणि तिच्यावर कायम जुनं कॅलेंडर पालथं घातलेलं. तिकडं बघायचं नाही, असा हुकूम.

एकदा मी टेबल पुसताना सुतळ्या सोडल्या आणि अंदाजानं परत बांधल्या. झालं! काकांचा हात सुतळीच्या हिशेबानं फिरायचा. पत्रकातली सुटलेली ओळ त्यांनी पत्रिकेच्या समासात लिहिली, मी शहाण्यानं ती तशीच जुळवली. पत्रिका छापून आली: 'वधूवरांस आशीर्वाद देण्यास अगत्य यावे. येताना ऊस पाचट काढूनच आणावा.'

वधूपिता मैंदर्गीहून तणतणत आला. मालकांनी सुतळ्या कापल्या. काकांनी बांधल्या. मालकांनी परत कापल्या. आठवडाभर हेच. "नोकरी सोडतो, खिडकी सोडत न्हाय," काका म्हणाले.

गुन्हा माझा, म्हणून एका दुपारी मीच गाठी मारायला बसलो. कॅलेंडर घसरलं.

डावीकडं काकांच्या मुलीचं, गौरीचं मराठी पत्र. ती जातीबाहेर लग्न करून टेंभुर्णीला गेलेली. तिची आई घरात तिचं नावही घेऊ देत नव्हती. उजवीकडं त्याच पत्राचं काकांनी केलेलं कानडी, आईसाठी. तिला मराठी वाचता येत नसे. मला दोन्ही येतं.

डावीकडं: 'आईचा राग आईपाशी. मी आता यायची नाही.' उजवीकडं: 'अव्वा, तुझ्या हातची भाकरी आठवते. बोलावशील तेव्हा येते.'

काका मागं येऊन उभे होते. "काका, हे जुळत नाही की!"

स्वल्पविराम चुकला तरी माझा उद्धार करणारा तो माणूस शांतपणे चष्मा पुसत म्हणाला, "ठावं हाय. तिच्या आईचं उत्तर बी असंच बदलून जातंय. दोन्ही म्होरं नसली तर कुणाला काय लिवलं, इसरतो मी." मग हळूच म्हणाले, "काल तिच्या आईनं पैल्यांदा कागद फाडला न्हाय. ट्रंकेत ठिवला."

मी दोन्ही पत्रांमधली सुतळी ओढली आणि करकचून गाठ मारली.