मातेचं अर्धं तिकीट

एसटीत मार्थाबाई साळवे दोन जागा धरतात. खिडकीजवळची मरियामातेची, शेजारची स्वतःची. मूर्ती हातभर उंच, टॉवेलात गुंडाळलेली, तोंड तेवढं बाहेर.

"मावशी, मूर्तीले तिकीट नाही लागत. मांडीवर घ्या," कंडक्टर म्हणाला.

"मांडीवर काऊन? तिकीट फाड. अन् अर्धंच फाड, बाईमाणूस आहे!"

बायकांना अर्धं तिकीट हा सरकारचाच नियम. कंडक्टरनं कपाळाला हात लावला आणि तिकीट दिलं. मागच्या सीटवर मी दुसरीकडेच बघत होतो, कारण या बाई चिखलीत माझ्या सख्ख्या शेजारी राहतात.

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, पण हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नाही. मरियामातेचं मंडळ त्यांनी काढलं तेव्हा त्यात तीन घरं होती. रीत साधी. मूर्ती एका घरी आठ दिवस राहते, घरच्यांनी रोज संध्याकाळी जपमाळ म्हणायची, रविवारी मूर्ती पुढच्या घरी. आमच्या भागात कॅथलिक घरं मोजकी, तीही विखुरलेली. मंडळ वाढणार कसं, असं मी एकदा बोलून गेलो.

"काऊन नाही वाढनार? तुमी फक्त पाहा!"

त्या बीपी तपासायला म्हणून घरात शिरतात. पट्टा दंडाला आवळला की विचारतात, "मायले कधी आणू?" पट्टा सुटेपर्यंत माणूस कबूल झालेला असतो. अशी सतरा घरं त्यांनी गोळा केली. ताप असो, संप असो, रविवार कधी चुकला नाही.

गेल्या महिन्यात देऊळघाटचं घर ऐनवेळी लग्नाला निघून गेलं. कुलूप बघून बाई मूर्तीसकट परत आल्या, त्या थेट आमच्याकडे.

"वहिनी, आठ दिवस मायले ठेवून घ्या. बिनघराची कशी ठेवू तिले?"

माझ्या बायकोनं लगेच देवघरात महाराजांच्या फोटोशेजारी जागा केली. मला मात्र राहवेना.

"अहो, तुमचं घर रिकामंच आहे की!"

"माह्यं घर यादीत नाही."

"काऊन?" बायकोनं विचारलं.

मला वाटलं, आता आमची खरडपट्टी निघणार. पण बाई खाली बसल्या.

"सुरुवातीले ठेवली होती. आठ दिवस तिच्याशी बोलत बसली मी. रविवारी नेऊन दिली, घरी आली, कुलूप उघडलं... पोरगी नांदाले गेली तवा रडली नाही. मालक गेले तवा बी दवाखान्यात ड्यूटीवर हजर होती. त्या दिवशी मात्र दारातच बसली, वहिनी. लोकाच्या घरी नेऊन द्याले जमते. माह्या घरून न्याले नाही जमत."

मला फार वाईट वाटलं. भिंतीला भिंत लागून आहे आमची, आणि मला पत्ता नव्हता.

बायको उठली, टॉवेलासकट मूर्ती उचलून त्यांच्या मांडीवर दिली. "आज घरी न्या. रविवारी माय पुढच्या घरी गेली का मी येतो तुमच्याकडे झोपाले. पाहिजे तितके दिवस राह्यतो."

बाईंनी पिशवीतून यादी काढली, माझ्याकडून पेन घेतलं, सतराव्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. मग आजवर सगळ्यांना फक्त बजावत आलेल्या मार्थाबाईंनी हळूच विचारलं,

"पहिल्यांदा चारच दिवस ठेवू काय, वहिनी?"