मुरुडातला समुद्रगरुड

मुरुडात गरुड ओळखावा तर या वीरण्णानंच! किराणा दुकानदार असलो म्हणून काय झालं, पाखरांचं पुस्तक मला तोंडपाठ हाय! त्या साली लातूर जिल्हा नवा, कलेक्टर नवा; दुष्काळ तेवढा जुनाच. गावतळ्यात घोटाभर चिखलपाणी उरलेलं, आंघोळीलाबी न चालणारं. आन पल्याडच्या वाळक्या बाभळीवर मला दिसला चक्क समुद्रगरुड! पांढरं पोट, राखी पाठ. कोकणातलं पाखरू वाट चुकून आमच्याकडं!

निलंग्याहून सासरे आले होते, गुरुपादप्पा. मला पहिल्यापासून थापाड्या म्हणणारे. भर बाजारात खो खो हसले.

"जावईबापू, हितं प्यायला पाणी न्हाई आन समुद्रातला गरुड आला? घार असंल, घार!"

"गरुडच हाय, मामा!"

"मग दाखवा. गरुड निघाला तर हितंच तुमाला फेटा बांधतो. न्हाई निघाला तर पुन्हा माझ्यापुढं तोंड उघडायचं न्हाई!"

झालं! सगळ्या बाजारानं ऐकलं. आता मामांना लांबचं दिसत न्हाई, म्हणजे पाखराला जवळ आणायचं. त्याला मासा पायजे. आन आमी पडलो लिंगायत! अंड्याचं नाव काढलं तरी आमची बायको उमा चूल सारवून घेते. तरी गुपचूप एक जिवंत मरळ आणली, पिशवीत कोंबली, वर चार वांगी ठेवली.

सकाळी निम्मं गाव तळ्यावर हजर.

"पिशवीत काय वळवळतंय?" मामांनी विचारलं.

"वांगी!"

"वांगी कधीपासून वळवळायला लागली?"

तेवढ्यात मरळ उसळली आन थेट मामांच्या धोतरावर! "शिव शिव शिव!" करत मामा नाचायला लागले. मी झडप घालून मासा धरला आन दिला पाण्याकडं भिरकावून. आन काय सांगू! तिकडून गरुड सुटला, हे एवढाले पंख! आमच्या डोळ्यांदेखत मरळ उचलली आन डोक्यावरनं सूं करत गेला. पांढरं पोट अख्ख्या गावानं बघितलं!

"गरुडच की हो, जावईबापू!" मामा ओरडले.

मामा शब्दाला जागले. नाकाला उपरणं गुंडाळून त्यांनी भर बाजारात मला गुलाबी फेटा बांधला. हलगी वाजली. वाजतगाजत आमी घरी आलो. लई भारी वाटत होतं!

दारात उमा उभी, माशाच्या वासानं नाकाला पदर लावून.

"आंघोळ केल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई! दोघांनीबी!"

"मग पाणी दे की!"

"रांजण रिकामा हाय. टँकर परवा येतो."

तर मंडळी, समुद्रगरुड मी दाखवला म्हणजे दाखवलाच! फेट्यासकट दोन रात्री ओट्यावर काढल्या. शेजारी मामा होते. तोंड मात्र त्यांनीच उघडलं न्हाई!