दीपगृहातली भरती

शिंपणे बेटावरच्या जुन्या दीपगृहाच्या भिंतीवर जो कोणी नाव कोरतो, तो त्या क्षणी दीपगृहाच्या नोकरीत रुजू होतो आणि त्याच्यापुरत्या तिथल्या पायऱ्या फक्त वर जातात. दारावरच्या पाटीवर हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. भिंती कोरणारी माणसं पाट्या वाचत नाहीत, म्हणून भरती कधी थांबलेली नाही.

शालन खटावकरने पाटी वाचली होती. तिचा नवरा दिगंबर याने नव्हती. लाँचमधून उतरल्यापासून हा गृहस्थ बेटाला अक्कल शिकवत होता. नारळपाणी कोमट, वाळू खरखरीत, आणि दीपगृह म्हणे फोटोत उंच दिसलं होतं. खरं तर दीपगृह बघायची हौस शालनची. पण "तुझे गुडघे दुखतील, तू बस खाली," असं त्याने परस्पर ठरवून टाकलं आणि तिचंही तिकीट खिशात घालून एकटाच वर गेला.

अर्ध्या तासाने दीपगृहाचे कारकून मयेकर रजिस्टर घेऊन तिच्यापाशी आले.

"वहिनी, जरा वर यावं लागेल. साहेब रुजू झालेत. तुमचंही नाव निघालंय."

"माझं? मी तर इथून हललेही नाही."

"तेच तपासायचंय. लाँच पाचला आहे, तेवढ्यात उरकू."

एकशे अडतीस पायऱ्या शालन न थांबता चढली. गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. जिन्यात एक टक्कल पडलेले गृहस्थ पितळी कठडा घासत होते. हे बंटी, एकोणीसशे ब्याण्णवच्या मे महिन्यातल्या भरतीतले. काम नीट करतात, असं मयेकर म्हणाले.

वरच्या खोलीत दिगंबर घामाघूम होऊन बसला होता. तो तीनदा जिना उतरला होता आणि तिन्ही वेळा याच खोलीत पोचला होता.

"अगं, काय मूर्ख लोक आहेत हे! नोकरी म्हणे! मी यांची तक्रार करणार आहे."

"तक्रारवही बंटींकडे असते," मयेकर म्हणाले. "शुक्रवारी मागा."

भिंतीवर किल्लीने कोरलेलं होतं: दिगंबर, मग बदाम, बदामातून आरपार बाण, आणि शालू. शालनने ते दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला 'अगं' आणि 'ए' सोडून तिसरी हाक ऐकू आली नव्हती. घरात ज्याला नाव सापडलं नाही, त्याला ते चुन्याच्या भिंतीवर बरोबर सापडलं. तिला मनस्वी संताप आला.

मयेकरांनी रजिस्टर उघडलं. "नाव तुमचं, अक्षर साहेबांचं. तेव्हा तुमची संमती लागते. कबूल असेल तर इथेच राहायचं, कायमचं. नामंजूर असेल तर पाचची लाँच."

"कबूल म्हण गं," दिगंबर म्हणाला. "विचार कसला करतेस? माझ्या चहाचं काय? पथ्याचं कोण बघणार?"

शालनने मात्र विचार केला. खिडकीबाहेर तीन बाजूंना समुद्र होता. राहायला जागा वाईट नव्हती. वाईट होती ती सोबत.

"नामंजूर," ती म्हणाली.

तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची अजिबात लाज वाटली नाही.

"मग दुसरी पाळीही साहेबांचीच," मयेकरांनी नोंद केली. "ज्याचं अक्षर, त्याची पाळी. खटावकर, उठा. या बाईंचं तिकीट काढलेलं आहे. त्यांना दीपगृह दाखवा."

"मी? हिला?"

"गणवेश उद्या मिळेल. आज असंच दाखवा."

दिगंबर तणतणला, मयेकरांच्या अंगावर धावून गेला, मग तिच्याकडे बघून केविलवाणा झाला. यातलं काहीही नियमात बसत नव्हतं. शेवटी मयेकरांनी हातात दिलेला माहितीचा कागद तो वाचू लागला. दिव्याची भिंगं किती, उजेड किती मैल दिसतो, जहाजांनी खडक कसा ओळखायचा. शालन हात मागे बांधून शांतपणे ऐकत होती. मधेच तो घाई करायला लागला, तेव्हा तिने परत पहिल्यापासून वाचायला सांगितलं. त्याने वाचलं.

कागद संपल्यावर तिने विचारलं, "हा दिवा कोणत्या बाजूने फिरतो हो?"

दिगंबरने सवयीने तोंड उघडलं. दिव्याकडे पाहिलं, मयेकरांकडे पाहिलं. खोलीत कोणीच त्याच्या मदतीला आलं नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला. "विचारून सांगतो."

हे वाक्य सत्तावीस वर्षांत शालनने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिने ते त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं आणि लाँच गाठायला जिना उतरली.