पडदेवाल्यांचे डोंगर
फोर-के डिस्क जुन्या ब्लू-रे प्लेअरमध्ये चालत नाही, हे पडदेवाल्यांना वेष्टन फाडल्यावर कळलं. प्लेअरने ती दोनदा आत घेतली आणि दोन्ही वेळा जीभ दाखवावी तशी बाहेर काढली. डिस्क परत करा, असं बायकोने मटार सोलता सोलता सुचवलं. पण परत कशी करणार? त्यांची सगळी इज्जत त्या डिस्कमध्ये होती.

पडदेवाले स्टुडिओत सिनेमांचे मागचे पडदे रंगवायचे. एका गाजलेल्या सिनेमातल्या गाण्यामागचे डोंगर त्यांनीच कापडावर रंगवले होते. पडद्यावर त्यांचं नाव आलं नाही, आणि डोंगर इतके झकास जमले की ते रंगवलेले आहेत हेच कुणाला पटेना. लग्नानंतर मोठ्या हौसेने बायकोला सिनेमा दाखवला, तर ती म्हणाली, काहीही सांगता. त्यात भर घातली तिच्या धाकट्या भावाने. आपण त्याच डोंगरावर सहलीला जाऊन आलोय आणि चढताना आपला पाय मुरगळला होता, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. झालं. तेव्हापासून, म्हणजे चांगली तीस वर्षं, पडदेवाले सासुरवाडीत थापाडे ठरले होते. मध्यंतरी ब्लू-रे आणून पाहिली, तर तिच्यात डोंगर आणखीच खरे दिसले.

म्हणून ही त्याच सिनेमाची फोर-के, ब्लू-रेच्या चौपट स्पष्ट. कापडाचा धागा न् धागा दिसेल, असं दुकानदाराने सांगितलं होतं. मग नवा प्लेअर आला. चित्र लागलं, पण ब्लू-रेपेक्षा तसूभरही वेगळं नाही. फोन केल्यावर दुकानदार म्हणाला, काका, टीव्हीसुद्धा फोर-के लागतो. असा टीव्ही नात्यात एकाकडेच होता. मेहुण्याकडे.

रविवारी दुपारी प्लेअर पिशवीत घालून दोघं निघाले. मेहुण्याचा जिना चढताना पडदेवाले एकदम थबकले. डोंगर खरे दिसले तर आपण थापाडे, आणि खोटे दिसले तर आपण भिकार रंगारी. परत जाऊ या का, असं ते विचारणार होते, पण बायकोने बेल दाबली होती.

मेहुण्याने प्लेअर जोडला आणि सगळे सोफ्यावर बसले. गाणं लागलं. डोंगर जसेच्या तसे. यात काय मोठंसं वेगळं, असं मेहुणा म्हणू लागला. तेवढ्यात पडदेवाल्यांना आठवलं की जवळून पाहा, असंही दुकानदार म्हणाला होता. मग तिघांनी जेवणाच्या खुर्च्या ओढून टीव्हीला अगदी खेटून मांडल्या.

आता फरक दिसला. नायकाच्या मिशीखालचा डिंक दिसला. डोंगराचा खडक न् खडक दिसला. धागा मात्र कुठेच दिसेना. आपलं काम इतकं सुरेख आहे म्हणून पडदेवाल्यांचा ऊर भरून आला, आणि त्याच कारणासाठी रडूही आलं.

मेहुण्याला तर चेवच चढला. "ही बघ ताई, ही ती वाट. इथेच माझा पाय मुरगळला. आणि वर ती घार..."

तो थांबला. त्याने गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. ब्लू-रेत तिथे नुसता ठिपका दिसायचा, आता चोच आणि पंखही दिसत होते. चार मिनिटं नायिका नाचली, तिची ओढणी उडाली. घार जागची हलली नाही.

"भाऊजी, ही घार उडत का नाहीये?"

"घार नाही रे ती," पडदेवाले ओशाळून म्हणाले. "ऐन वेळी काळा रंग ठिबकला. पुसला असता तर आभाळ खराब झालं असतं. म्हणून त्याला पंख काढले."

मेहुणा पाणी आणतो म्हणून उठला आणि, का कोण जाणे, जरा लंगडतच स्वयंपाकघरात गेला.

बायको खुर्चीवरून पुढे झुकली. "किती दिवस लागले हो याला?"

हे तिने आजवर कधीच विचारलं नव्हतं. "एकोणीस," ते म्हणाले.

ती डोंगर निरखत राहिली. मग तिने नायिकेमागच्या डेरेदार झाडावर बोट ठेवलं. "आणि हे झाडही तुमचंच ना?"

झाड खरं होतं. ट्रकमधून आणून उभं केलेलं. पडदेवाल्यांनी झाडाकडे पाहिलं, मग बायकोच्या कौतुकाने उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हो," आयुष्यात पहिल्यांदाच थाप मारत ते म्हणाले. "त्याला चार दिवस लागले."