चार दिवस बिनचुलीचे

सूर्यकांतरावांनी अहिल्येला शब्द दिला होता, अहमदाबाद आणि पाटणच्या चार दिवसांत तिला चूल दिसणार नाही. रेल्वेच्या तिकीटखिडकीत बसून त्यांनी आयुष्यभर तिच्या हातचे डबे खाल्ले होते. आता निवृत्तीनंतर एवढं तरी करायचंच, म्हणून बेतही त्यांनीच आखला. सकाळी जुन्या हवेल्या, मग फाफडा-जलेबी. दुपारी थाळी आणि झोप. पाटणची वाव, म्हणजे ती पायऱ्यांची जुनी विहीर, बघायची, पण खाऊनपिऊन.

"भरल्या पोटी एवढ्या पायऱ्या कोण उतरणार?" अहिल्या म्हणाली.

"तू उतर. मी वर खमण राखत बसतो."

पण सूर्यकांतरावांच्या पोटात अन्न राहायचं, बातमी राहायची नाही. त्यांनी अहमदाबादच्या चुलतभावाला, सुदर्शनला फोन केला. सहज, सांगायला म्हणून.

"हॉटेल? दादा, आमचा फ्लॅट काय भाड्याने दिलाय?" सुदर्शन दुखावला. "आजच रद्द कर. आणि वहिनींच्या हातचं वालाचं बिरडं पाहिजे. अदिती वाल भिजत घालून ठेवेल, सोलायला वहिनी आहेतच. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवतो."

सूर्यकांतरावांनी खिडकीतून लोकांना इतके 'नाही' दिले होते की घरच्यांसाठी एकही शिल्लक नव्हता. हॉटेल रद्द झालं.

अहिल्येने फक्त विचारलं, "खोबऱ्याची किसणी तिकडे असेल, की इथली घेऊ?" त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

डहाणूहून कुणी गावाला निघालं की त्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. शेजारच्या चिमणने चिकू आणून दिले. दुसऱ्या दिवशी धाकट्या डहाणूची जयवंती, त्यांची नेहमीची मासळीवाली, सुक्या बोंबलांचं भलंमोठं गाठोडं ठेवून गेली. पाठोपाठ बिल्डिंगमधली झाडून सगळी मांजरं जिन्यात येऊन बसली.

सूर्यकांतरावांनी ही बातमीही कौतुकाने अहमदाबादला कळवली. सुदर्शनचा आवाज एकदम खाली आला.

"दादा, बोंबील? आमच्या सोसायटीत? मागे कुणाकडे ऑम्लेटचा वास आला तर मीटिंग बसली होती."

अहिल्येने फोन घेतला. "भाऊजी, घट्ट बांधून आणते हो. जयवंतीने मायेने दिलेत, टाकायचे कसे? आल्यावर तुमच्या गॅलरीत जरा ऊन दाखवलं की झालं."

गॅलरीचं नाव निघताच सुदर्शनच्या बायकोचा, अदितीचा आवाज आला, "ताई, त्यापेक्षा असं करू, आम्हीच तुम्हाला हॉटेलवर भेटायला येतो."

सूर्यकांतरावांनी लगबगीने पुन्हा खोली घेतली. मग त्यांना नवीच काळजी लागली. "पण हॉटेलवाला तरी एवढा वास चालवून घेईल का?"

"बोंबील नेतंय कोण?" अहिल्या किसणी फडताळात परत ठेवत म्हणाली. "मीच मागवले होते जयवंतीकडून. म्हटलं, चांगले दरवळणारे बघून दे. परत आलो की चटणी करायची."

"वा."

"तुम्ही करायची. मी सांगेन बसून. आणि यातलं एक अक्षर सुदर्शनभाऊजींना सांगायचं नाही."

"नाही सांगणार," सूर्यकांतराव म्हणाले. तिकीटखिडकीबाहेरचा हा त्यांचा पहिला 'नाही', आणि तो अगदी सहज निघाला.