मेहुण्याच्या वाटेवर लावलेलं पान

अंब्रिम बेटावर डोंगराची वाट माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. हे मीच नाही, माझी बायकोही म्हणते, आणि ती माझ्याबद्दल सहसा बरं बोलत नाही.

डोंगर आता शांत झालाय. आगीचं तळं खाली गेलं, उरलाय नुसता धूर. त्यामुळे आग बघून आरडाओरडा करणारे येत नाहीत, झाडं-पाखरं बघणारे येतात. त्यांच्यासाठी वाटा दोन, एक माझी आणि एक मेहुण्याची, बोंगनाइमची. सरपंच मेलेउन म्हणाले, "पहिले पाहुणे ज्या वाटेनं सुखरूप उतरतील, ती वाट चालू. दुसरी बंद."

पाहुणे ठरले. न्यूझीलंडचे नवरा-बायको, ग्रॅहम आणि नायरी. आणि हा बोंगनाइम विमानतळावर जाऊन त्यांना सांगतो, "मासिंगच्या वाटेवर नुसता चिखल!" मासिंग म्हणजे मी. माझं डोकंच सणकलं. रानात गेलो, नामेलेच्या झाडाची दोन पानं तोडली आणि त्याच्या वाटेवर फुलीसारखी रोवली. हे पान कुणी म्हणजे कुणीच ओलांडत नाही. लावणाऱ्यानंच ते काढायचं, तेही सरपंचांसमोर सुळेवाला डुक्कर कापून.

"डोकं फिरलंय का तुमचं? भाऊ आहे तो माझा," बायको म्हणाली.

"म्हणून पानावर भागवलं."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना माझ्या वाटेनं वर नेलं. नेचे दाखवले, धूर दाखवला, रीतिभाती समजावल्या, पानाची रीतही. दोघं खूश. तेवढ्यात पाऊस कोसळला आणि माझ्या वाटेवरची कोरडी नदी दुथडी भरली. उतरायला उरली एकच वाट. त्या नालायकाची.

तीन तास भिजत चाललो. गाव हाकेवर आलं आणि नायरीबाई थबकल्या.

"मासिंग, हे तेच पान ना? ओलांडायचं नसतं ते?"

"बाजूनं जाऊ या," मी पुटपुटलो.

"छे, छे. तुमच्या रीतीचा मान ठेवायलाच हवा," ग्रॅहम म्हणाला आणि कुडकुडत दगडावर बसला.

पलीकडे बोंगनाइम कंदाचा भाजलेला गरम लापलाप खात उभा. "या की दाजी. कुणी नतद्रष्टानं पान लावलंय बघा. कोण असेल हो?"

असा संताप आला की तो लापलाप त्याच्या तोंडावर मारावा. पण मध्ये पान होतं, माझंच. आणि नायरीबाईंचे ओठ निळे पडत चालले होते.

"मी लावलंय," मी म्हणालो. "बोलव सरपंचांना."

सरपंच आले. मागून बायको आमचा डुक्कर ओढत आली, सात वर्षं पोसलेला, सुळा पार गोल वळलेला. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. डुक्कर कापला, पान निघालं, पाहुणे सुखरूप उतरले. बोंगनाइमच्या वाटेनं. जेवणात मान बायकोच्या भावाचा, म्हणून चांगला वाटाही त्यालाच.

आता वाट त्याची. पण त्याचे गुडघे गेलेत, म्हणून पाहुण्यांना वर मीच नेतो. पान होतं त्या वळणावर त्यानं तो सुळा टांगलाय. "हा कशाचा?" असं दरवेळी कुणीतरी विचारतंच.

मी त्यांना नेचे दाखवतो.